मधल्या पायरीचा इतिहास : जपानी भाषेचे अध्यापन आणि 'संस्कृती' नावाची पाठ्यवस्तू

जपानी भाषा प्रावीण्य परीक्षा १९८४ मध्ये सुरू झाली तेव्हा तिच्या चार श्रेणी होत्या. तिसऱ्या श्रेणीसाठी सुमारे ३०० कांजी, म्हणजे चिनी उगमाची अक्षरचिन्हे, १,५०० शब्द आणि ३०० तासांचा अभ्यास अपेक्षित असे. तिच्या लगतच्या दुसऱ्या श्रेणीसाठी १,००० कांजी, ६,००० शब्द आणि ६०० तास धरलेले होते. तास दुप्पट, चिन्हे तिपटीहून अधिक, शब्द चौपट. या दोहोंच्या मधली जागा परीक्षेने पंचवीस वर्षे बिननावाची ठेवली. २०१० मध्ये पाच श्रेणींचा नवा आराखडा आला, तेव्हा 'एन-३' ही श्रेणी मुद्दाम या दरीत बसवण्यात आली.

महाविद्यालयांत मात्र ही जागा कधीच रिकामी नव्हती. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांसाठी 'चूक्यू', म्हणजे मध्यम पातळीचा अभ्यासक्रम असतोच आणि त्याच्या नावात बहुधा 'भाषा आणि संस्कृती' अशी जोडी असते. प्राथमिक पातळीवर काय शिकवायचे ते व्याकरण ठरवते. उच्च पातळीवर ते विद्यार्थ्याचा विषय ठरवतो, मग तो इतिहास असो, कायदा असो वा कादंबरी. मधल्या पातळीवर असा नियंता नसतो. तेथे जे वाचावयास दिले जाते ते कोणीतरी निवडलेले असते, आणि ही निवड अध्यापनशास्त्राइतकीच राजकीय इतिहासानेही घडवलेली आहे. साहित्याच्या अभ्यासकाला या गोष्टीत रस असावयास हवा. कारण परभाषेतील साहित्यकृती विद्यार्थ्याच्या हाती प्रथम येते ती याच पायरीवर, आणि कोणत्या रूपात येते हेही येथेच निश्चित होते.

या दरीचे मूळ जपानी भाषाव्यवहाराच्या एका जुन्या दुभंगात आहे. बेसिल हॉल चेंबरलेन यांनी १८८८ मध्ये बोली जपानीची मार्गदर्शिका प्रसिद्ध केली आणि लेखनपद्धतीसाठी १८९९ मध्ये वेगळे पुस्तक सिद्ध केले. एकाच भाषेसाठी दोन पुस्तके लागावीत हे त्या काळात स्वाभाविक होते. कारण मेजी काळातील लिखित भाषा बोलीपासून फार दूर होती. हे अंतर बुजवण्याच्या चळवळीला 'गेन्बुन इच्ची' असे नाव आहे. सान्यूतेई एन्चो या कथाकथनकाराची 'बोतान दोरो' ही भूतकथा १८८४ मध्ये लघुलिपीतून उतरवून छापण्यात आली, आणि फुताबातेई शिमेई यांची 'उकिगुमो' ही कादंबरी १८८७ पासून प्रसिद्ध होऊ लागली, हे या चळवळीतील दोन ठळक टप्पे. कारातानी कोजिन यांनी १९८० च्या आपल्या ग्रंथात पुढे जाऊन असे प्रतिपादन केले, की आधुनिक जपानी साहित्यातील 'अंतर्मन' या भाषिक घडामोडीनंतरच शक्य झाले. ते आधीपासून होते आणि केवळ त्याला योग्य भाषा मिळाली, असे नव्हे. आपल्याकडे मेजर कँडी यांच्या हाताखाली क्रमिक पुस्तकांचे मराठी गद्य आणि त्याची विरामचिन्हे कशी ठरत गेली हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना 'सुबोध गद्य' हीदेखील घडवलेली वस्तू असते हे वेगळे सांगावयास नको.

दुसरा दुभंग नावाचा आहे. जपानी मुले शाळेत 'कोकुगो' शिकतात, म्हणजे राष्ट्रभाषा. परकीय शिकतात ते 'निहोंगो'. उएदा काझुतोशी यांनी १८९४ मध्ये, चीन-जपान युद्ध चालू असताना, राष्ट्र आणि राष्ट्रभाषा यांच्या अतूट नात्यावर व्याख्यान दिले. पुढच्याच वर्षी तैवान जपानच्या ताब्यात आले आणि तेथील मुलांना ही भाषा 'कोकुगो' म्हणूनच शिकवण्यात येऊ लागली. ली योन्सुक यांनी १९९६ च्या ग्रंथात दाखवल्याप्रमाणे 'कोकुगो'ची कल्पना घडण्यात वसाहतींचा वाटा मोठा आहे. परकीयांना जपानी शिकवण्याचा पहिला व्यापक अनुभव वर्गखोलीतल्या कुतूहलातून आलेला नाही, साम्राज्याच्या गरजेतून आला, हे पुढील कहाणी वाचताना विसरून चालणार नाही.

ही कहाणी नागानुमा नाओए यांच्यापासून सुरू करणे उचित ठरेल. १९२२ मध्ये जपानात आलेल्या हॅरल्ड पामर या इंग्रज भाषाशिक्षणतज्ज्ञाच्या सहवासात त्यांनी प्रश्नोत्तरांतून भाषा शिकवण्याची पद्धती आत्मसात केली, आणि तोक्योतील अमेरिकन दूतावासात ते लष्करी अधिकाऱ्यांना जपानी शिकवू लागले. या कामातूनच १९३१ पासून त्यांची प्रमाण जपानी वाचनमाला खंडाखंडाने सिद्ध झाली. सोप्या वाक्यांपासून वृत्तपत्रे, निबंध आणि साहित्य यांपर्यंत ती विद्यार्थ्याला एका अखंड चढाने नेते. तिच्यात मधली पायरी वेगळी दिसत नाही, कारण वाचन हेच तिचे सूत्र आहे. गंमत अशी, की ही वाचनमाला लवकरच शत्रूच्या कामी आली.

अमेरिकन नौदलाने ऑक्टोबर १९४१ मध्ये हार्वर्ड आणि बर्कली येथे जपानी भाषेचे सघन वर्ग सुरू केले. फेब्रुवारी १९४२ मध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांचा ९०६६ क्रमांकाचा आदेश निघाला आणि पश्चिम किनाऱ्यावरील सुमारे १,२०,००० जपानी वंशाच्या लोकांना घरांतून उठवून छावण्यांत नेण्यात आले. बर्कलीतील बहुतेक शिक्षक त्याच समाजाचे होते. त्यांना किनाऱ्यावर राहता येईना. म्हणून शाळाच कोलोरॅडोतील बोल्डर येथे हलवण्यात आली. पुढे काही शिक्षक थेट छावण्यांतून तेथे आले. नौदल या शिक्षकांच्या मुलांना अधिकारी म्हणून घेण्यास तयार नव्हते. भूदलाच्या वेगळ्या भाषाशाळेत मात्र जपानी-अमेरिकन तरुणांचाच भरणा होता. अशा परिस्थितीत, सुमारे वर्ष-सव्वा वर्षात, नागानुमांची वाचनमाला पुढ्यात ठेवून निवडक गोऱ्या तरुणांना जपानी वाचावयास शिकवण्यात आले. डोनल्ड कीन, एडवर्ड सायडेनस्टिकर, विल्यम थिओडोर द बॅरी ही नावे या शाळेच्या विद्यार्थ्यांत आहेत. युद्धोत्तर काळात इंग्रजी वाचकाला जपानी साहित्य म्हणून जे माहीत झाले त्यातील फार मोठा भाग या मंडळींच्या हातून गेला.

त्यांची मधली पायरी कोणती होती? कीन यांच्या बाबतीत तिचे उत्तर स्पष्ट आहे. पर्ल हार्बर येथे त्यांच्याकडे आलेले काम रणभूमीवर सापडलेल्या जपानी सैनिकांच्या रोजनिश्या वाचण्याचे होते. शाळेत शिकवलेली जलद हस्ताक्षरातील अक्षरवळणे येथे उपयोगी पडली. पाठ्यपुस्तक संपल्यावर हाती आलेली ही पहिली खरी संहिता; तिचा लेखक बहुधा मृत, तिचा वाचक शत्रुपक्षाचा आणि वाचनाचा हेतू माहिती काढण्याचा. चार दशकांनंतर कीन यांनी जपानी रोजनिशीवाङ्मयाचा इतिहास लिहिला. तो १९८० च्या दशकात प्रथम जपानी वृत्तपत्रात क्रमशः आला आणि नंतर इंग्रजीत १९८९ मध्ये ग्रंथरूपाने. हेरगिरीच्या वाचनातून वाङ्मयप्रकाराच्या अभ्यासाकडे झालेला हा प्रवास केवळ एका व्यक्तीचा वृत्तान्त म्हणून सोडून देणे योग्य नाही. भाषेच्या मध्यम पातळीवर जे वाचले जाते ते वाचकाची पुढील दृष्टी किती खोलवर घडवते, याचे इतके स्वच्छ उदाहरण विरळा.

युद्धकाळातच दुसरी एक परंपरा जन्माला आली. बर्नार्ड ब्लॉक आणि एलेनॉर जॉर्डन यांचे बोलीभाषेचे पुस्तक १९४५ मध्ये आले; ते अमेरिकन संरचनावादी भाषाविज्ञानाच्या पायावर उभे होते आणि रोमन लिपीत होते. भाषा म्हणजे बोलणे, लेखन ही दुय्यम नोंद, ही तिची भूमिका. जॉर्डन यांचे १९६२-६३ चे पाठ्यपुस्तक हीच भूमिका अधिक काटेकोरपणे पुढे नेते. १९५८ च्या राष्ट्रीय संरक्षण शिक्षण कायद्यानंतर जपानी ही अग्रक्रमाची भाषा ठरली आणि विद्यापीठांतील अध्यापनाला शासकीय निधी मिळू लागला; त्या विस्तारकाळात या परंपरेला मोठे वजन आले. तिचे शास्त्रीय ऋण नाकारण्याचे कारण नाही. जपानी वाक्यरचनेचे इतके नेमके वर्णन त्याआधी इंग्रजीत नव्हते. परंतु चेंबरलेन यांच्या काळातील दुभंग तिने वेगळ्या मार्गाने परत आणला. दोन वर्षे सफाईने बोलू शकणारा विद्यार्थी तिसऱ्या वर्षी कादंबरीचे पान उघडून थबकू लागला. हॉवर्ड हिबेट आणि इतासाका गेन यांच्या १९६५ च्या वाचनपुस्तकासारखे प्रयत्न ही दरी ओलांडण्यासाठीच होते.

याच दरीत 'संस्कृती' शिरली. रूथ बेनेडिक्ट यांचे १९४६ चे जपानविषयक पुस्तक युद्धकालीन सरकारी संशोधनातून निघालेले होते. लेखिका जपानला गेलेली नव्हती आणि तिला जपानी येत नव्हते. जपानात १९६७ मध्ये नाकाने चिए यांनी उभ्या उतरंडीचा समाज हे सूत्र मांडले, १९७१ मध्ये दोई ताकेओ यांनी 'आमाए' या एका शब्दावर अवघे जपानी मन तोलले. अशा 'निहोंजिनरोन' लेखनाचे सुलभ रूप मध्यम पातळीला फार सोयीचे होते: एक शब्द, त्यावरून एक स्वभाव, त्यावर एक चर्चाप्रश्न. आदरार्थी रूपे शिकवताना उतरंड सांगावी, अपूर्ण वाक्य शिकवताना सूचकता सांगावी. व्याकरणाचा प्रत्येक अवघड सांधा राष्ट्रीय स्वभावाने बुजवता येतो. पीटर डेल यांनी १९८६ मध्ये आणि बेफू हारुमी यांनी १९८७ मध्ये या विचारव्यूहाची कठोर चिकित्सा केली. विद्वत्क्षेत्रात तो निष्प्रभ झाला तरी अशा स्पष्टीकरणांची सवय वर्गातून त्याच वेगाने गेली नाही.

१९८० च्या दशकात जपानच्या आर्थिक उत्कर्षाबरोबर अमेरिकन महाविद्यालयांतील जपानीचे विद्यार्थी वेगाने वाढले. त्यांना कीन व्हावयाचे नव्हते. बँकेत, कारखान्यात काम करावयाचे होते. १९८६ च्या अमेरिकन प्रावीण्यनिकषांनी 'मध्यम' या शब्दाला व्यवहारक्षमतेचा अर्थ दिला, आणि मिउरा अकिरा व नाओमी हानाओका मॅकग्लोइन यांचे १९९४ चे मध्यम पातळीचे पुस्तक संभाषण, वाचन आणि सांस्कृतिक माहिती यांची सांगड घालून पुढे आले. ओळख करून देणे, विनंती करणे, यजमान कुटुंबात राहणे हे त्यातील प्रसंग. ही उपयुक्ततावादी दृष्टी हेटाळणीचा विषय करण्याची साहित्यिकांची खोड मात्र सोडून द्यावयास हवी. विनंती कशी करावी हे ज्याला येत नाही त्याला कादंबरीतील संवाद कळत नाहीत. आक्षेप असलाच तर वेगळा आहे. या प्रसंगांतील परकीय विद्यार्थी नेहमी पाहुणा असतो आणि यजमान नेहमी एकजिनसी जपानी. १९७२ मध्ये अकुतागावा पारितोषिक स्वीकारणारे कोरियन वंशाचे री काइसेई, किंवा जपानी ही जन्मभाषा नसताना २००८ मध्ये तेच पारितोषिक मिळवणाऱ्या यांग यी, या चित्रात कोठे बसत नाहीत. लीव्ही हिदेओ यांचे उदाहरण तर अधिक बोलके आहे. 'मान्योशू'चा इंग्रजी अनुवाद करणारा हा अमेरिकन विद्वान पुढे जपानीतच कादंबरीकार झाला. त्यांच्या ज्या पुस्तकाला १९९२ मध्ये नोमा नवोदित पारितोषिक मिळाले त्याचा नायक योकोहामातील वकिलातीचे घर सोडून शिंजुकूच्या गल्ल्यांत शिरणारा, अर्धीमुर्धी जपानी येणारा अमेरिकन मुलगा आहे. मध्यम पातळी हीच येथे कादंबरीची वस्तू झाली आहे.

पुण्यात जपानी शिकणाऱ्यांची संख्या मोठी आहे. विद्यापीठाच्या रानडे इन्स्टिट्यूटमधील वर्गांची परंपराही जुनी. येथे या इतिहासाची दुसरी बाजू दिसते. इंग्रजी माध्यमातून आलेले स्पष्टीकरण मराठी विद्यार्थ्याला नसलेल्या अडचणीत पाडते. 'काइते ओकु' या रचनेवर इंग्रजीत परिच्छेद खर्ची घालावे लागतात. मराठीत ती 'लिहून ठेवणे' आहे. 'ताबेते मिरु' म्हणजे 'खाऊन पाहणे'. दोन्ही भाषांत 'पाहणे' याच क्रियापदाने प्रयत्नाचा अर्थ दिला आहे. 'शिमाऊ' हे सहायक क्रियापद मराठीत दोघांत वाटले जाते: काम उरकले असेल तेथे 'टाकणे', हातून नको ते घडले असेल तेथे 'बसणे', जसे 'विसरून बसलो'. क्रियापद शेवटी, शब्दयोगी अव्यय नामामागून, 'तू-तुम्ही-आपण' अशी आदराची चढण. यातले मराठी कानाला काही नवे नाही. अडते ते दुसरीकडे. 'देणे' या एका क्रियापदावर मराठीचे भागते; जपानीत मी दुसऱ्याला दिले तर 'आगेरु', दुसऱ्याने मला दिले तर 'कुरेरु'. नेमके येथे अधिक थांबावयास हवे, आणि इंग्रजी वाचकासाठी लिहिलेले पुस्तक ते कोठे थांबावे हे मराठीच्या अंगाने ठरवू शकत नाही.

साहित्याच्या क्षेत्रात हीच मध्यस्थी अधिक दूरवर गेली आहे. शिरीष पै यांनी मराठीत हायकू रुजवला आणि तो येथील कवितेने मनापासून स्वीकारला. हा स्वीकार इंग्रजी अनुवादांच्या वाटेने झाला, आणि त्या वाटेच्या खुणा रचनेवर राहिल्या. मराठी वाचकाला हायकू म्हणजे तीन ओळी असेच वाटते. जपानीत तो सामान्यतः एकाच उभ्या ओळीत छापतात. पाच-सात-पाच मात्रांचे विराम कानाला कळतात, डोळ्यांना दाखवले जात नाहीत. तीन ओळींची मांडणी अनुवादकांची. ओळ नव्हे, तर 'या' किंवा 'काना' यांसारखे छेदक शब्द तेथे कवितेला दुभंगतात आणि त्यांना स्वतंत्र अर्थ जवळजवळ नसतो. इंग्रजीत त्यांच्या जागी उद्गारचिन्ह किंवा आडवी रेघ येते. मराठीत मात्र 'ना', 'की', 'गं', 'बाई' अशी, अर्थाहून सूर अधिक सांभाळणारी अव्यये ओवीपासून आहेत.