पंखा हळू करायचा म्हणजे

माझ्याकडे एक काळा डबा आहे. बॅकेलाइटचा, तळहाताहून थोडा मोठा, मधोमध पाच आकड्यांची फिरकी. धुळ्याला आजोळी तो माजघराच्या भिंतीवर होता. आजी बजावायची, "हात लावू नको त्याला, भाजशील." पंखा दोनवर असला की डबा तापायचा, पाचवर नेला की गार पडायचा. मी सात-आठ वर्षांचा होतो, मला हे उलटंच वाटायचं. पंखा जोरात तर डबा गार, आणि पंखा हळू तर डबा गरम? पुढे जळगावकडे आयटीआयत पोरांना वायरिंग शिकवण्यात नोकरी गेली, पण पंख्याचा विषय निघाला की मी अजूनही त्या डब्यापासूनच सुरुवात करतो.

त्याही आधी दोरी होती. 1818 मध्ये खानदेश इंग्रजांकडे गेला आणि कॅप्टन ब्रिग्जने धुळ्याला मुख्य ठाणं केलं. त्या काळी साहेबाच्या कचेरीत छताला लाकडी दांड्यावर कापडाची झालर टांगलेली असे. तिची दोरी भिंतीतल्या भोकातून व्हरांड्यात जाई आणि तिथे पंखेवाला बसून ती ओढी. हात दुखला की दोरी पायाच्या अंगठ्याला. वेग कमी करायचा तर साहेबाने "आहिस्ता" म्हणायचं, एवढंच. रयतेला तेही नव्हतं. रयत संध्याकाळी धाब्यावर पाणी शिंपडून तिथेच अंथरूण टाकी.

1932 साली विनोबांनी धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर प्रवचनं दिली आणि साने गुरुजींनी ती उतरून घेतली, हे सगळ्यांना ठाऊक आहे. लोक त्यातला विचार वाचतात. मी पडलो खानदेशी, माझं लक्ष आधी तारखांवर जातं. 21 फेब्रुवारी ते 19 जून. म्हणजे वाऱ्यासाठी जीव कासावीस होतो तो आमचा अख्खा उन्हाळा.

वीज आली तरी ती सगळीकडे एकदम आली नाही. राज्य वीज मंडळ 1960 चं. भुसावळजवळ दीपनगरचा पहिला 62.5 मेगावॅटचा संच सुरू झाला तो 1968 मध्ये. त्या सुमाराच्या घरांत छताला पंखा आणि भिंतीवर तो काळा डबा, म्हणजे रेग्युलेटर. आत चिनीमातीवर गुंडाळलेली नायक्रोमची तार. फिरकी खाली आणली की वीज जास्त लांबीच्या तारेतून जाते, पंख्याला दाब कमी मिळतो आणि राहिलेली वीज तारेत जळून उष्णता होते. ज्या खोलीला वारा हवा, तिलाच आपण चूल पेटवून देत होतो. बिलातही फारसा फरक नाही. आजोबा "वीज वाचते" म्हणून पंखा दोनवर ठेवत. त्यांना खरं सांगायला मी फार उशिरा शिकलो.

पुढे ट्रायॅकचे छोटे रेग्युलेटर आले. ते वीज जाळत नाहीत, विजेच्या प्रत्येक लाटेचा तुकडा कापतात. डबा गार, पण पंखा रात्री घुंघुं करायचा. मग कपॅसिटरवाले आले, तेही गार आणि शिवाय मुके. त्या काळात शिंदखेड्याकडचे एक काका दुरुस्तीला आले की ठरलेलं वाक्य असे: "मास्तर, पंखा फिरस, पन वारा नही लागस." अशा बहुतेक पंख्यांचा 2.5 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर थकलेला निघे. तो बदलायला दहा मिनिटं लागत, चहाला वीस.

कुलरबद्दल थोडकंच. कोरडी हवा हे खानदेशाचं दुखणं आणि तेच भांडवल. म्हणून गवतावर पाणी सोडून पंखा लावला की आमच्याकडे खोली गार होते, कोकणात नुसती ओली होते. पण पत्र्याचा डबा, पाणी आणि वीज एकत्र असताना अर्थिंग न जोडणारे महाभाग मी पाहिलेत. एका कुलरचा झटका मी स्वतः खाल्ला आहे. दुकानाचं नाव सांगत नाही, हिरवी तार मात्र आत नुसतीच लोंबत होती.

छोट्या पंख्याचा काळ आमच्याकडे आला तो लोडशेडिंगमुळे. 2005 च्या जूनमध्ये वीज मंडळाच्या कंपन्या झाल्या, पण लाईट जायची थांबली नाही. तेव्हा पोरं जळगावच्या गोलाणी मार्केटमधून बिघडलेल्या कॉम्प्युटरचे पंखे आणू लागली. तीन-चार इंचांचा, 12 व्होल्टचा, स्टिकरवर 0.15 अँपिअर. जुन्या यूपीएसची 7 अँपिअर-अवरची बॅटरी, थकलेली असली तरी, त्याला रात्रभर पुरायची. लाल तार प्लस, काळी मायनस. तिसरी पिवळी असेल तर ती फेऱ्या मोजायची, एका फेरीला दोन ठोके. उलटं जोडलं तर ब्रशवाल्या मोटारीसारखा तो उलटा फिरत नाही, फिरतच नाही. आणि वर काही पंखे जातात कामातून. माझ्या हातून दोन गेले.

पहाटे वारा गार लागायचा, मग तो हळू कसा करायचा? एका पोराने 33 ओहमचा रेझिस्टर मधे टाकला. पंखा हळू झाला आणि पाच मिनिटांत करपल्याचा वास आला. पाव वॅटचा रेझिस्टर, त्यात जवळपास अर्धा वॅट जळत होता. मी हसलो, कारण आजीचा काळा डबाच नखाएवढा होऊन परत आला होता. दुसऱ्याने एलएम 317 ही व्होल्टेज ठरवणारी आयसी बसवली. व्होल्टेज हवं तसं लावता येऊ लागलं, पण राहिलेलं तिथेही उष्णतेतच जातं. शिवाय 5 व्होल्टच्या आसपास बरेच पंखे जागचे हलत नाहीत, त्यांना आधी बोटाने ढकलावं लागतं.

वाट दाखवली ती 555 ने. हान्स कामेनझिंडने आखलेली ही आयसी सिग्नेटिक्सने 1972 मध्ये बाजारात आणली. ती ट्रान्झिस्टरला सेकंदाला शेकडो वेळा चालू-बंद करते. ट्रान्झिस्टर एकतर पूर्ण उघडा, नाहीतर पूर्ण बंद, म्हणून तापत नाही. चालू राहण्याचा वेळ वाढवला की वेग वाढतो. पंख्याला समांतर एक डायोड उलटा लावायचा, कारण वीज तोडली की मोटारीची गुंडाळी उलट झटका देते. दोन तारांच्या पंख्याची वीज अशी सारखी तोडली की तो गुणगुणतो. चार तारांच्या पंख्यात हा त्रास नाही. त्याची वीज अखंड राहते आणि चौथ्या तारेने फक्त हुकूम जातो, 25 किलोहर्ट्झने, माणसाच्या कानापलीकडे. साहेबाचं "आहिस्ता" आणि पंखेवाल्याची दोरी पुन्हा वेगळी झाली म्हणायची.

गेल्या दहा-बारा वर्षांत तीच ब्रश नसलेली मोटार छतावर चढली. नवी मुंबईच्या ॲटमबर्गसारख्यांनी ती घरोघर नेली. 75 वॅटच्या जागी तीसेक वॅट, आणि भिंतीवर रेग्युलेटरच नाही, हातात रिमोट.

तुमच्या जुन्या घरात तो काळा डबा अजून असेल तर भंगारवाल्याला देऊ नका. मेन स्विच बंद करा, टेस्टर लावून खात्री करा, मग उघडून पोरांना आतली तार दाखवा.