खिशातील विजेरी आणि झाडीपट्टीतील रात्र

चंद्रपूर आणि गडचिरोली या पूर्व विदर्भातील वनजिल्ह्यांत सूर्य मावळला म्हणून माणसाची कामे थांबत नाहीत. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले वेचण्यासाठी कुटुंबेच्या कुटुंबे उजाडण्यापूर्वी झाडाखाली पोहोचतात. धान लोंबीवर आले की रानडुकरांपासून ते राखण्यासाठी शेतातील मचाणावर जागल करावी लागते. दिवाळीनंतर झाडीपट्टीतील नाटकांचा हंगाम सुरू होतो. वडसा येथील नाट्यमंडळांचे प्रयोग रात्रभर रंगतात आणि प्रेक्षक पहाटेच्या अंधारात आपापल्या गावांकडे परततात. या सर्व वाटांवर माणसाच्या हाती एक वस्तू हमखास असते, ती म्हणजे विजेरी. कोणी तिला टॉर्च म्हणतो, कोणी नुसतेच ‘बॅटरी’, तर जुन्या पिढीच्या तोंडी अजूनही ‘चोरबत्ती’ हा शब्द येतो.

गेल्या दोन दशकांत या वस्तूचे रूप पार पालटले. हातभर लांबीच्या नळीची जागा बोटाएवढ्या विजेरीने घेतली. या छोट्या विजेऱ्यांमध्ये सर्वांत महाग आणि हौसेने घेतली जाणारी विजेरी टायटॅनियम या धातूची असते. वन्यजीव छायाचित्रकार, पक्षिनिरीक्षक आणि जंगलात वारंवार जाणारी शहरी मंडळी ती आवडीने बाळगतात. हा धातू नेमके काय देतो, काय हिरावून घेतो आणि जंगलाच्या परिसरात अशी विजेरी कशी वापरावी, हे समजून घेणे म्हणूनच उपयुक्त ठरते.

चोरबत्तीपासून एलईडीपर्यंत

नळीच्या आकाराच्या विजेरीचे पेटंट अमेरिकेत डेव्हिड मिसेल यांना १८९९ साली मिळाले. त्या काळचे सेल दुबळे होते आणि दिवा सलग जाळणे शक्य नव्हते. क्षणभर लावायचा आणि विझवायचा, अशीच त्याची रीत होती. इंग्रजीतील ‘फ्लॅशलाइट’ हे नाव त्यातूनच रूढ झाले. आपल्याकडे खेड्यापाड्यांत पोहोचली ती पितळी किंवा चकचकीत मुलाम्याची, दोन वा तीन मोठ्या सेलची विजेरी. क्षीण झालेले सेल उन्हात ठेवून त्यातून आणखी एक-दोन रात्री काढण्याची युक्ती घरोघरी ठाऊक होती.

भामरागड तालुक्यातील हेमलकसा येथे १९७३ साली लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला, तेव्हा तेथे वीज नव्हती आणि पुढेही अनेक वर्षे ती आली नाही. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांनी त्या काळात कंदिलाच्या उजेडात रुग्णांवर उपचार केले. हातातला दिवा ही या भागात किती मोलाची गोष्ट होती, याची त्यावरून कल्पना येते.

निळ्या प्रकाशाच्या एलईडीचा शोध आणि त्यातून सिद्ध झालेला पांढरा एलईडी यांनी चित्र बदलले. या शोधासाठी अकासाकी, अमानो आणि नाकामुरा या शास्त्रज्ञांना २०१४ सालचे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. जुन्या तारेच्या बल्बच्या तुलनेत आजचा एलईडी तेवढ्याच विजेत सुमारे दहापट उजेड देतो. त्यामुळे एका बारीक ‘ट्रिपल-ए’ सेलवर चालणारी, सेलसह ३० ग्रॅमच्या आसपास भरणारी विजेरीही पायवाटेला पुरेशी ठरू लागली.

धातूचे गुण

टायटॅनियमचा शोध १७९१ साली इंग्लंडमध्ये विल्यम ग्रेगर यांनी लावला. इल्मेनाइट हे त्याचे प्रमुख खनिज असून रत्नागिरीच्या किनाऱ्यावरील काळ्या वाळूतही ते आढळते. मात्र खनिजापासून शुद्ध धातू मिळवणे अत्यंत खर्चिक असते. केरळमधील चवरा येथे २०११ साली स्वदेशी तंत्रज्ञानावर आधारित टायटॅनियम स्पंजचा कारखाना सुरू झाला, तो प्रामुख्याने अंतराळ आणि संरक्षण क्षेत्राची गरज डोळ्यांपुढे ठेवून.

या धातूची घनता ४.५ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर आहे. पोलादाची सुमारे ७.८ आणि पितळेची ८.५ च्या आसपास असते. म्हणजे पोलादाच्या तुलनेत टायटॅनियमची वस्तू बरीच हलकी होते. ॲल्युमिनियमपेक्षा (२.७) मात्र ती जडच भरते, ही बाब जाहिरातीत सहसा सांगितली जात नाही. टायटॅनियमचा खरा गुण म्हणजे गंजरोधकता. घाम, पावसाचे पाणी, चिखल यांचा त्याच्यावर परिणाम होत नाही. कातडीलाही तो सहसा बाधत नाही, म्हणूनच अस्थिरोपणात त्याचा वापर होतो. ॲल्युमिनियमच्या विजेरीवरील रंगीत थर कालांतराने झिजतो. टायटॅनियमला अशा थराची गरजच नसते. त्यावर ओरखडे उमटतात, पण निघून जाईल असे काही नसते.

उष्णतेची अडचण

या धातूचा मोठा दोष म्हणजे तो उष्णता फार सावकाश वाहून नेतो. विजेऱ्यांसाठी वापरले जाणारे टायटॅनियमचे मिश्रधातू नेहमीच्या ॲल्युमिनियम मिश्रधातूच्या सुमारे पंचविसाव्या हिश्शाएवढीच उष्णता वाहून नेतात. एलईडी प्रखर लावला की त्याची उष्णता पुढच्या टोकातच साठून राहते. टोक हाताला चटका देते, मागचा भाग मात्र थंडच असतो. एलईडी वाचवण्यासाठी आतील यंत्रणा एक-दोन मिनिटांतच उजेड कमी करते. वेष्टनावर छापलेला मोठा आकडा प्रत्यक्षात तेवढ्यापुरताच टिकतो. काही उत्पादक यावर उपाय म्हणून टोकात तांब्याचा भाग बसवतात. चंद्रपूर-ब्रह्मपुरी परिसरात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, हे लक्षात घेतल्यास या दोषाचे गांभीर्य कळते.

याचा अर्थ अशी विजेरी निरुपयोगी आहे असा नव्हे. ती मंद आणि मध्यम उजेडासाठी आहे, आणि पायी चालणाऱ्याला बहुतेक वेळा तेवढाच उजेड लागतो.

किती उजेड हवा?

दिव्यातून बाहेर पडणारा एकूण प्रकाश ल्युमेनमध्ये मोजतात. झोपडीत किंवा तंबूत वस्तू शोधायला एक ल्युमेनही पुरतो. परिचित वाटेला दहा-वीस आणि अनोळखी, दगडगोट्यांच्या वाटेला पन्नास ते शंभर ल्युमेन पुष्कळ होतात. वेष्टनावर दिलेला ‘पल्ला’ म्हणजे जेथे प्रकाश पौर्णिमेच्या चांदण्याइतका, सुमारे पाव लक्स उरतो ते अंतर. तेथली वस्तू स्पष्ट ओळखता येईल असे मात्र नाही.

प्रखर उजेडाचा तोटाही असतो. अंधाराला पूर्णपणे सरावायला डोळ्यांना वीस ते तीस मिनिटे लागतात. एकदा झगझगीत प्रकाश डोळ्यांवर आला की ही कमाई क्षणात जाते आणि उजेडाच्या वर्तुळाबाहेरचे काहीच दिसेनासे होते.

पायाखालचा धोका

या जिल्ह्यांत विजेरीचा सर्वांत मोठा उपयोग सापापासून बचावासाठी होतो. एका अभ्यासानुसार २००० ते २०१९ या काळात देशात सर्पदंशाने सुमारे १२ लाख मृत्यू झाले, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. त्यांतील बहुसंख्य ग्रामीण भागातले होते. घोणस, म्हणजे परड, धानाच्या बांध्यांच्या कडेला उंदरांच्या मागावर येते. मण्यार रात्री घरात शिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला तिचा दंश अनेकदा जाणवतही नाही. म्हणून विजेरी उशाशी असावी, अंथरुणातून पाय खाली ठेवण्यापूर्वी ती लावावी आणि पादत्राणे झटकून घालावीत. दंश झालाच तर जखम कापणे, चोखणे वा आवळून बांधणे टाळावे. तो अवयव न हलवता रुग्णाला त्वरित रुग्णालयात न्यावे. प्रतिसर्पविषाला पर्याय नाही.

चालताना विजेरी डोळ्यांच्या रेषेत न धरता कमरेच्या खाली, किंचित बाजूला धरावी. तिरप्या प्रकाशात दगड, खाचखळगे आणि साप यांच्या सावल्या पडतात व ते उठून दिसतात. विकत घेताना प्रकाशाची छटाही पाहावी. निळसर पांढऱ्या उजेडात सागाच्या वाळलेल्या पानांतील तपकिरी घोणस पानांतच मिसळून जाते. पिवळसर छटेच्या आणि रंग यथार्थ दाखवणाऱ्या एलईडीत तपकिरी रंगाच्या छटा वेगळ्या कळतात. अशा एलईडीचा रंगदर्शन निर्देशांक ९० किंवा त्याहून अधिक असतो.

वन्यप्राणी आणि कायदा

हरीण, बिबट्या, वाघ यांच्या नेत्रपटलामागे प्रकाश परावर्तित करणारा थर असतो. त्यामुळे विजेरीच्या झोतात त्यांचे डोळे चमकतात. हेच कारण साधून पूर्वी जीपमधून प्रखर दिव्यांच्या साहाय्याने शिकार केली जाई. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर बंधने आली. याच कायद्याच्या २७व्या कलमानुसार अभयारण्यात परवानगीविना प्रवेश करणे आणि प्राण्यांना त्रास देणे निषिद्ध आहे. ताडोबासारख्या राष्ट्रीय उद्यानालाही ही बंधने लागू आहेत. प्राण्याच्या डोळ्यांवर झोत रोखून त्याला थिजवून ठेवणे हा त्रासच होय. बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यांवर मचाणावरून होणाऱ्या निरीक्षणातही भिस्त चांदण्यावरच असते.

विजेरी हे वाघापासून संरक्षणाचे साधन आहे, हा समजही चुकीचा आहे. मोहफुले वेचणारा किंवा तेंदूपत्ता तोडणारा माणूस वाकलेला असतो आणि त्याचे लक्ष जमिनीवर असते. अशा वेळी हातातला दिवा त्याला मागून येणाऱ्या प्राण्याची चाहूल देत नाही. अंधारात जंगलात न जाणे, गटाने जाणे आणि आपसांत बोलत राहणे, हाच वनविभागाचा सल्ला अधिक उपयोगी आहे.

सेल आणि निगा

साध्या अल्कलाइन सेलची मोठी तक्रार म्हणजे गळती. विसरलेला सेल पाझरला की त्यातील क्षार ॲल्युमिनियम खातो. टायटॅनियमची नळी टिकते, पण आतील स्प्रिंग आणि जोडणी खराब होतेच. नित्य वापरासाठी पुन्हा भारित होणारे निकेल-मेटल हायड्राइड सेल चांगले. लिथियम-आयन सेल अधिक शक्तिशाली असतात, मात्र उन्हात उभ्या केलेल्या बंद मोटारीत ते ठेवू नयेत. टायटॅनियमच्या आट्या एकमेकींवर घासून अडकतात, म्हणून पावसाळ्यापूर्वी त्या पुसून त्यांना सिलिकॉन ग्रीसचे बोट लावावे. पाणीरोधक रबरी कडीही तेव्हाच तपासावी. संपलेले सेल जंगलात टाकू नयेत. २०२२ च्या नियमांनी ते गोळा करून त्यांचा पुनर्वापर करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे.

खरेदी करताना आणखी एका गोष्टीचा विचार करावा. धातू पिढ्यान्‌पिढ्या टिकेल आणि एलईडीही वर्षानुवर्षे चालेल, पण सेल संपणारच. एटापल्ली किंवा भामरागडच्या आठवडी बाजारात विशिष्ट मापाचा लिथियम सेल मिळण्याचा भरवसा नाही. साधा पेन्सिल सेल मात्र कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातही मिळतो. त्यावर चालणारी विजेरी ॲल्युमिनियमची असली, तरी पावसात गावाचा रस्ता तुटल्यावर तीच कामी येते.