फेरत्सानुंग (जर्मन दंतचक्र-परिभाषा)

एकमेकांत अडकून चालणाऱ्या यंत्रभागांच्या दात्यांसाठी जर्मन भाषेत रूढ असलेली संज्ञा. ‘त्सान’ म्हणजे दात. त्यावरून ‘त्सानराट’ (गिअर), ‘त्सानश्टांगे’ (रॅक), आणि दाते पाडणे व पाडलेले दाते या दोन्ही अर्थांनी ‘फेरत्सानुंग’. भिंत पुढे वाढवण्यासाठी गवंडी टोकाच्या विटा एकाआड एक बाहेर ठेवतो, त्या रचनेलाही हाच शब्द लावतात.

दात्याच्या भागांना शरीराची नावे आहेत : टोक ‘कोप्फ’ (डोके), बूड ‘फूस’ (पाऊल), कड ‘फ्लांके’ (कूस). मापेही याच नावांवर बेतलेली. दोन मोड्युलचा (मोड्युल म्हणजे हिशेबाचा व्यास भागिले दाते, मिमीत), तीस दात्यांचा साधा गिअर घेतला, तर ‘टाइलक्राइस’, म्हणजे हिशेबाचे वर्तुळ, ६० मिमी व्यासाचे. डोके त्याच्यावर एक मोड्युल, म्हणून बाहेरचा व्यास ६४. पाऊल सव्वा मोड्युल खाली, म्हणून तळाचा ५५. समोरच्या दात्याचे डोके आणि ही खाच यांत उरलेला अर्धा मिमी तो ‘कोप्फश्पील’. कुशींमधली मोकळीक ‘फ्लांकेनश्पील’, म्हणजेच बॅकलॅश. ‘श्पील’ म्हणजे खेळ. आपल्याकडचा फिटर ‘प्ले’ म्हणतो तो हाच. दाबकोन डीआयएन ८६७ या मानकानुसार २० अंश.

दोन गिअर जुळून फिरू लागले की ते ‘केमेन’ करतात, म्हणजे केस विंचरतात. पवनचक्कीतल्या लाकडी दात्यांच्या चाकालाही ‘काम्मराट’, कंगव्याचे चाक, असेच म्हणत. हेर्मान प्फाउटर यांनी १८९७ मध्ये पेटंट घेतलेल्या यंत्राने हॉबिंगला चालना मिळाली. या पद्धतीत कटर आणि चाक मिळून फिरत असताना दाते कापले जातात. तिचे नाव ‘वेल्त्सफ्रेझेन’, त्यातले ‘वेल्त्सेन’ म्हणजे लोळणे, घरंगळणे.

प्राण्यांची नावेही आहेत. इंग्रजीतला वर्म जर्मनीत ‘श्नेके’, गोगलगाय, होतो. डव्हटेल सांध्यात इंग्रजांना कबुतर दिसते, तर जर्मनांना ‘श्वाल्बेनश्वान्त्स’, पाकोळीची शेपटी.

भाषांतरकाराची हमखास फसगत ‘फेडर’ या शब्दाने होते. त्याचे अर्थ पीस आणि स्प्रिंग. पण शाफ्टवरची ‘पासफेडर’ ही स्प्रिंग नव्हे, खाचेत बसणारी चौकोनी की (डीआयएन ६८८५). ती पाचरीसारखी ठोकून घट्ट करायची नसते. पीळ तिच्या दोन बाजू पेलतात आणि माथ्यावर फट राखतात. ठोकून बसवायची उतरती पाचर वेगळी, तिला ‘काइल’ म्हणतात.