कर्क्युमिन-धातू संकुले

कर्क्युमिन-धातू संकुले ही हळदीतील पिवळे रंगद्रव्य कर्क्युमिन आणि धातूंचे आयन यांपासून बनणारी जटिल संयुगे आहेत. हळद हे हिंगोली जिल्ह्यातील वसमत तालुक्याचे प्रमुख पीक असून कुरुंदा हे गाव याच तालुक्यात आहे. 'वसमत हळद' हिला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले.

बंधन

कर्क्युमिनच्या रेणूत २१ कार्बन, २० हायड्रोजन व ६ ऑक्सिजन अणू असतात. रेणूच्या मध्यभागी दोन ऑक्सिजन अणूंमध्ये एक हायड्रोजन असतो. तो प्रोटॉनरूपाने निघून गेल्यावर दोन्ही ऑक्सिजन एकाच धातू-आयनाला चिमट्याप्रमाणे धरतात आणि सहा अणूंचे वलय तयार होते. अशा बंधनास कीलेट बंधन म्हणतात.

स्फटिकरचना

शुद्ध कर्क्युमिनची क्ष-किरण विवर्तनाने ठरवलेली रचना टोनेसेन व सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये प्रसिद्ध केली. स्फटिकात हा रेणू ईनॉल रूपात आढळतो. संकुले मात्र बहुधा अल्पविद्राव्य चूर्णाच्या रूपात मिळतात. त्यामुळे एका तांबे-आयनाला दोन कर्क्युमिन जोडलेल्या संकुलासारख्या अनेकांची रचना वर्णपटांवरून अनुमानिली जाते. बायपिरिडिनसारखा दुसरा लिगंड जोडल्यास सुबक स्फटिक मिळू शकतात. अशा एका संकुलात जस्ताभोवती कर्क्युमिनचे दोन ऑक्सिजन, बायपिरिडिनचे दोन नायट्रोजन व एक क्लोरीन, असे पाच अणू असतात.

महत्त्व

कर्क्युमिन पाण्यात अत्यल्प विरघळते व उदासीन द्रावणात लवकर विघटित होते. धातूशी बांधले गेल्यास ते अधिक टिकते, म्हणून औषधसंशोधनात या संकुलांचा अभ्यास होतो. मात्र स्फटिकातील रचना द्रावणातही तशीच राहते असे गृहीत धरता येत नाही.