ड्रोन उड्डाण, हौशी (भारत)
छंद वा करमणुकीसाठी दूरनियंत्रित मानवरहित विमान उडविणे. भारतात त्याला २५ ऑगस्ट २०२१ रोजी अधिसूचित झालेले ड्रोन नियम लागू आहेत; त्यांनी त्याच वर्षी मार्चमध्ये आलेल्या अधिक जाचक नियमांची जागा घेतली. मुख्य निकष वजनाचा : भारासह २५० ग्रॅमपर्यंत नॅनो, त्यापुढे २ किग्रॅ.पर्यंत सूक्ष्म. नॅनो व बिगरव्यापारी सूक्ष्म ड्रोनला वैमानिक प्रमाणपत्र लागत नाही, नोंदणी क्रमांक मात्र लागतो. पैसे घेऊन लग्नाचे चित्रीकरण केल्यास तोच सूक्ष्म ड्रोन प्रमाणपत्राच्या कक्षेत येतो. उड्डाणासाठी हवाई हद्दीची रंगांनुसार क्षेत्रे ठरविलेली आहेत : हिरव्या क्षेत्रात १२० मी. उंचीपर्यंत उड्डाणास पूर्वपरवानगी नको. विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किमी.च्या पट्ट्यात ही मर्यादा ६० मी. आहे (पहा : विमानतळ, हवाई वाहतूक नियंत्रण). लाल क्षेत्रात केंद्र शासनाची परवानगी अनिवार्य. फेब्रुवारी २०२२ च्या दुरुस्तीने वैमानिक परवाना रद्द होऊन मान्यताप्राप्त प्रशिक्षण संस्थेचे प्रमाणपत्र पुरेसे ठरले.