संशोधनाचे मोजमाप

संशोधकाची थोरवी कशाने मोजावी? त्याने लिहिलेल्या निबंधांच्या संख्येने, की इतरांनी त्यांचे किती वेळा दाखले दिले यावरून? १९६२ साली शिवाजी विद्यापीठ स्थापन झाले, तेव्हापासून हा प्रश्न आपल्या करवीरनगरीच्याही दाराशी आलेला आहे.

दाखल्यांच्या मोजणीचा इतिहास फार जुना नाही. अमेरिकेतील यूजीन गारफील्ड यांनी १९५५ साली ती कल्पना मांडली आणि १९६४ मध्ये ६१३ नियतकालिकांवर आधारलेली सूची प्रसिद्ध केली. एखाद्या निबंधावर पुढे कोणी काय लिहिले, त्यावर कोणते आक्षेप निघाले, हे अभ्यासकास सापडावे हा मूळ हेतू. वाट दाखवणारी ती सूची पुढे तराजू झाली. २००५ साली हर्श यांनी संशोधकाची योग्यता एकाच आकड्यात सांगण्याची युक्ती काढली. २०१० पासून आपल्याकडे प्राध्यापकांच्या निवडीत व बढतीत निबंधांना गुण मिळू लागले.

या तराजूत आम्ही एक नाव घालून पाहतो : कृष्णस्वामी वेंकटरामन. जन्म १९०१, मद्रास. मँचेस्टरला रॉबर्ट रॉबिन्सन यांच्या हाताखाली शिकून ते लाहोरच्या फोरमन ख्रिश्चन कॉलेजात अध्यापक झाले. तेथे महल या सहकाऱ्यासह त्यांनी एक विक्रिया शोधून काढली. रेणूतील प्राणवायूला जोडलेला एक अणुगट अल्कलीच्या संगतीत जागा सोडतो व त्याच रेणूतील कार्बनला जाऊन चिकटतो. त्या द्रव्यावर मग अम्लाची क्रिया केली की फ्लेव्होन मिळते. वनस्पतींतील कित्येक पिवळी रंगद्रव्ये याच कुळातली. हा निबंध १९३३ साली ‘करंट सायन्स’ या भारतीय नियतकालिकात आला. त्याच वर्षी इंग्लंडात बेकर यांनीही स्वतंत्रपणे तीच वाट धरली होती. म्हणून जग तिला बेकर-वेंकटरामन विक्रिया म्हणते.

आता दाखल्यांचे पाहा. ही विक्रिया वापरणारा आजचा रसायनज्ञ पुष्कळदा केवळ तिचे नाव लिहितो. मूळ निबंधाचा दाखला देण्याची त्यास गरज भासत नाही. आपल्या खासबागेत धोबीपछाड मारणारा मल्ल तो डाव कोणी बसवला हे सांगत बसतो काय? जे ज्ञान सर्वांच्या अंगवळणी पडते, त्याची नोंद वहीत होत नाही. म्हणजे काम जितके खोल रुजले, तितका आकडा लहान, असा हा उलटा न्याय!

वेंकटरामन १९३४ साली मुंबई विद्यापीठाच्या रसायन-तंत्रविद्या विभागात आले. १९३८ पासून तो विभाग त्यांनी चालविला. १९५७ मध्ये ते पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे पहिले भारतीय संचालक झाले. १९६६ साली ती गादी चालवायला आले ते त्यांचेच शिष्य, कारंज्याचे बाळ दत्तात्रेय टिळक. कृत्रिम रंगांवरील वेंकटरामन यांच्या ग्रंथाचे पहिले दोन खंड १९५२ साली निघाले. १९७८ पर्यंत ते आठ झाले. शिष्य घडविणे, संस्था उभी करणे यांना कोणत्या सूचीत रकाना आहे?

मोजणी टाकून द्या, असे आमचे म्हणणे नाही. केवळ वशिल्याने नेमणुका होण्यापेक्षा आकडा बरा. परंतु आकडा पाहून झाल्यावर एक निबंध तरी उघडून वाचावा. विद्वत्तेची परीक्षा वाचल्यावाचून होत नसते.