दोन धातूंमधला कागद

मराठीच्या अध्यापकाने इंजिनाविषयी लिहावे, हे काही वाचकांना विषयांतर वाटेल. परंतु वस्तूंनाही इतिहास असतो आणि तो कधीकधी एका तुटलेल्या खिळ्याएवढ्या तुकड्यात दडलेला असतो. प्रस्तुत टिपण अशाच एका तुकड्याविषयी आहे.

चार-स्ट्रोक मोटारसायकलच्या इंजिनाला सायलेन्सरची नळी जिथे जोडतात, तिथे सहसा दोन स्टड असतात. १०० सीसीच्या गाड्यांत त्यांची जाडी जेमतेम सहा मिलिमीटर असते. स्टड पोलादाचा, तो ज्यात आट्यांवर बसवलेला असतो ते हेड अ‍ॅल्युमिनियमचे, आणि बाहेरच्या टोकावर दहाच्या पान्याने फिरणारा नट. माझ्या जुन्या गाडीचा या जागेतून फटफट आवाज येऊ लागला, म्हणून गॅस्केट बदलायला मी स्वतःच बसलो. नट हलेना. पान्याच्या दांड्यात नळी घालून जोर केला, तेव्हा ‘कट्’ असा आवाज झाला आणि स्टड मुळाशी तुटला. दुसऱ्या दिवशी मिस्त्रींनी ते पाहिले आणि शांतपणे म्हणाले, “सर, हा जोराला ऐकत नसतो. याला ऊब द्यावी लागते.”

स्टड जाम का होतो? पोलाद गंजले की गंजाला मूळ लोखंडापेक्षा अधिक जागा लागते आणि आट्यांमधली फट भरून जाते. शिवाय दोन भिन्न धातू एकमेकांना चिकटून असले आणि मध्ये ओलावा शिरला, की त्यांच्यात सूक्ष्म विद्युतप्रवाह सुरू होतो. त्यात एक धातू दुसऱ्यासाठी झिजतो. इथे झीज अ‍ॅल्युमिनियमच्या वाट्याला येते आणि त्याची पांढरी भुकटी आट्यांत घट्ट बसते.

हे ज्ञान मोटारसायकलीहून बरेच जुने आहे. १७६१ साली ब्रिटिश आरमाराने ‘अलार्म’ या युद्धनौकेच्या लाकडी तळाला तांब्याचे पत्रे ठोकले. लाकूड पोखरणाऱ्या समुद्री किड्यांपासून तळ वाचावा, हा हेतू होता. वेस्ट इंडीजच्या उष्ण पाण्यात सुमारे दोन वर्षे काढून आलेल्या या नौकेची १७६३ साली तपासणी झाली, तेव्हा पत्रे शाबूत होते. परंतु ते धरून ठेवणारे लोखंडी खिळे अनेक ठिकाणी पार कुजून गेले होते. काही खिळे मात्र चांगले राहिले होते. तांब्याचे पत्रे ज्या तपकिरी कागदात गुंडाळून आले होते, तो कागद त्या जागी तसाच राहिला होता आणि त्याने लोखंडाला तांब्याचा स्पर्श होऊ दिला नव्हता. समुद्राच्या पाण्यात या दोन धातूंची थेट गाठ पडू देऊ नये, असा निष्कर्ष अहवालात नोंदवला गेला. व्होल्टाची विद्युतघटमाला अवतरायला (१८००) तेव्हा अजून सदतीस वर्षे होती. कारण कळण्याआधी उपाय कळला होता.

आपल्याकडे हा प्रश्न घरोघरी पोचला तो १९८० च्या दशकात. म्हैसूरला १९६१ पासून तयार होणाऱ्या जावा गाडीची सायलेन्सर-नळी एका मोठ्या गोल आटेदार नटाने बसवलेली असे. तो फिरवायला आकड्याचा पाना लागे. १९८५ साली हीरो होंडाची सीडी १०० आली आणि अ‍ॅल्युमिनियमच्या हेडमधले बारीक स्टड गावोगावच्या मिस्त्रींच्या परिचयाचे झाले.

मिस्त्रींनी काय केले, ते नोंदवतो. प्रथम पेट्रोलची टाकी उतरवून दूर नेली. न तुटलेल्या दुसऱ्या स्टडच्या आट्यांवर तारेचा ब्रश फिरवून तेल सोडले आणि ते रात्रभर मुरू दिले. सकाळी हेड गॅसच्या ज्योतीने तापवले. समान उष्णतेत अ‍ॅल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते. त्यामुळे भोकाची पकड सैल होते. मग स्टडवर दोन नट एकमेकांना घट्ट आवळले आणि आतल्या नटाला पाना लावून थोडे पुढे, थोडे मागे असे करत तो स्टड बाहेर काढला. तुटलेल्या स्टडच्या माथ्यावर नट ठेवून वेल्डिंग केले. धग आत उतरली आणि तोही निघाला. हे साधले नसते, तर स्टडच्या बरोबर मध्यावर भोक पाडून एक्स्ट्रॅक्टर घालावा लागला असता. त्याचे पोलाद इतके कडक असते, की तो आत तुटला तर साधा ड्रिल त्याला शिवतही नाही. शेवटचा मार्ग म्हणजे भोक मोठे करून, नवे आटे पाडून त्यात तारेची हेलिकॉइल बसवणे.

नवे स्टड बसवण्यापूर्वी मिस्त्रींनी आट्यांना करड्या रंगाचे, उष्णता सोसणारे अँटी-सीझ ग्रीस बोटाने लावले. “दोघांच्या मध्ये काहीतरी पाहिजे, सर. नाहीतर पुन्हा धरतील एकमेकांना.” ‘अलार्म’च्या तपासनिसांनी कागदाविषयी जे लिहिले, त्याहून हे फार वेगळे नाही. मी विचारले, तेव्हा मिस्त्री म्हणाले, की हे त्यांना त्यांच्या उस्तादांनी शिकवले. उस्तादांना कोणी, ते ठाऊक नाही.

आरमाराचा अहवाल जपला गेला, म्हणून आज आपण त्याला इतिहास म्हणतो. मिस्त्रींच्या उस्तादांचे नाव कुठल्याही कागदावर नाही. आपण लोकगीते संकलित केली, बोलींचे नमुने टिपले, ओव्या वहीत उतरवून घेतल्या. गॅरेजच्या दारातली ही विद्या मात्र अजून कोणी विचारायला गेलेले दिसत नाही. आणि मीदेखील गेलो, तो स्टड तुटल्यावरच.